गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

पहिला जोराचा पाऊस झाला की कुठल्या ना कुठल्या जुन्या कॉलेजात किंवा विद्यापीठात गिलाव्याचा पोपडा खाली येतो. वर्ग रिकामे होतात, दाराला दोरी बांधली जाते, ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी लागते आणि तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, दीडशे वर्षांची इमारत आहे, तिचं आयुष्य संपलं, मुलांच्या जिवाशी खेळू नका, पाडा आणि नवी बांधा. दुसरी म्हणते, हा वारसा आहे, एका दगडालाही हात लावू देणार नाही. हा वाद मी बरीच वर्षं ऐकतो आहे आणि तो ऐकताना दरवेळी अस्वस्थ होतो, कारण दोघंही एकच गोष्ट गृहीत धरून भांडतात: इमारत म्हातारी झाली म्हणून खचली. मला हे मान्य नाही. दगड-चुन्यात नीट बांधलेली इमारत दीडशे वर्षांत म्हातारी होत नाही. ती खचते ती आपण तिच्यात केलेल्या फेरफारांमुळे आणि दरवर्षी करायची सोडून दिलेल्या चार साध्या कामांमुळे. म्हणून ‘पाडायची की जपायची’ हा प्रश्न नंतरचा. आधी हे सांगा, हिच्यावर आजवर काय काय केलं आणि काय करायचं राहिलं, याचा हिशेब कोणाकडे आहे?

वय हेच कारण असतं, तर एकाच वयाच्या इमारतींचं नशीब सारखं असायला हवं होतं. आपल्याकडे याची पडताळणी आपोआपच होऊन गेली आहे. 1857 मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं एकाच वर्षात स्थापन झाली. तिघांनीही पुढच्या वीसेक वर्षांत आपापली सभागृहं उभारली. कोलकात्याचं सिनेट हाउस वॉल्टर ग्रॅनव्हिलच्या आराखड्यावर 1872 मध्ये पुरं झालं. ग्रीक देवळासारखे उंच खांब, समोर रुंद पायऱ्या. याच सभागृहात 6 फेब्रुवारी 1932 ला पदवीदान समारंभात बीना दास या तरुण मुलीने गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. 1960 च्या सुमाराला विद्यापीठाने स्वतःच्याच शताब्दीच्या नावाने नवी बहुमजली इमारत बांधण्यासाठी हे सिनेट हाउस पाडलं. शंभर वर्षं साजरी करायची म्हणून त्या शंभर वर्षांची सगळ्यात मोठी खूण पुसली. मद्रासचं सिनेट हाउस रॉबर्ट चिझमने 1874 ते 1879 या काळात बांधलं. 1937 मध्ये काही महिने तिथे प्रांताच्या विधानसभेच्या बैठकाही झाल्या. विद्यापीठाच्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने त्याची मोठी दुरुस्ती झाली, पाहुणे येऊन गेले आणि नंतर ते बहुतेक काळ कुलूपबंदच राहिलं. काही वर्षांतच पुन्हा दुरुस्तीची वेळ आली. आणि तिसरी इमारत मुंबईच्या फोर्टमधली, आपल्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची. ती उभी आहे, वापरात आहे, आणि 2018 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वय सारखं, इंग्रजी अमदानी तीच, दमट हवा तिघींनाही. मग एक पाडली गेली, एक बंद पडली आणि एक जगली, हे वयामुळे झालं का?

मुंबईची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण विरोधकांचे बरेचसे मुद्दे तिच्यातच अडकलेले आहेत. या इमारतींचे नकाशे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने लंडनमध्ये बसून काढले. तो मुंबईत कधी आलाच नाही. पदवीदान सभागृह 1869 ते 1874 मध्ये उभं राहिलं, त्यासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले होते. ग्रंथालय आणि त्यावरचा मनोरा यांची पायाभरणी 1 मार्च 1869 ला झाली आणि काम 1878 च्या नोव्हेंबरात संपलं. त्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये दोन-दोन लाख करून चार लाख दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव द्यायला सांगितलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला जात होता तो हा काळ. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि प्रेमचंदांचंही दिवाळं निघालं. पैसा बुडाला, इमारत राहिली. 280 फुटांचा तो मनोरा कुर्ल्याच्या पिवळसर दगडात उभा आहे, आणि त्याच्या कोनाड्यांत पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या 24 माणसांचे पुतळे आहेत. ते घडवले मुकुंद रामचंद्र या इथल्याच अभियंत्याने. रस्त्यावरून जाताना मान वर केली तर पगड्यांचे आणि पागोट्यांचे घाट अजून ओळखू येतात.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला जिवाचा. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. ज्यांनी ढिगाऱ्याभोवती उभं राहून नावं पुकारली, त्यांना वारशाच्या गोष्टी सांगायचा अधिकार कोणालाही नाही. भिंत सरकते आहे, तडा रुंदावतो आहे, असं दिसत असेल तर त्याखाली एकही विद्यार्थी बसता कामा नये, वाद नंतर करू. दुसरा मुद्दा याहून खोल आहे: विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हे. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.ची पहिली तुकडी 1862 ची. तेव्हा विद्यापीठाला स्वतःची एक भिंतही नव्हती, समारंभ टाउन हॉलमध्ये होत. इमारत नसताना रानडे घडले, हे मी नाकारू शकत नाही. तिसरा मुद्दा पैशाचा. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, वसतिगृहात एका खोलीत चौघं, आणि तुम्ही रंगीत काचांवर कोटी घालणार? चौथा मुद्दा हल्ली जास्त जोरात मांडला जातो: ही गुलामीची खूण आहे, ती का पोसायची?

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. राजाबाई टॉवरचं घड्याळ पूर्वी ज्या सुरावटी वाजवायचं, त्यांत इंग्रज राणीचं स्तवनही होतं. आज ते वाजत नाही. सूर बदलला, घड्याळ ठेवलं. एवढा विवेक आपल्याला जमतो. शिवाय गुलामी कोणाची? पैसा कावसजी आणि प्रेमचंद यांचा, दगड कुर्ल्याचा, छिन्नी इथल्या कारागिरांची, आणि त्या सभागृहातून पदव्या घेऊन बाहेर पडलेल्यांनी पुढे त्याच राज्याच्या मुळावर घाव घातला. बीना दासच्या गोळ्या ज्या छताखाली सुटल्या, ते छत गुलामीचं होतं की स्वातंत्र्याचं? कोलकात्यात तर हा प्रश्न विचारायला इमारतच उरलेली नाही.

जिवाच्या मुद्द्याकडे मात्र थांबून पाहायला हवं. त्यासाठी मी जिथे शिकलो त्या कॉलेजाचं उदाहरण देतो, नाव सांगत नाही. काळ्या दगडाची दुमजली इमारत, वर मंगलोरी कौलं, आत सागवानी तुळया. आम्ही शिकत होतो तेव्हा कौलं गळायची. गळायची, कारण दरवर्षी मे महिन्यात ती चाळावी लागतात आणि कौलं चाळणारा माणूस निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरली गेली नाही. मग कायमचा इलाज म्हणून कौलं उतरवली आणि ग्रंथालयावर काँक्रीटचा स्लॅब घातला. तीन-चार वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून छताकडे तिरपे तडे गेले. गूढ काहीच नव्हतं त्यात. कौलारू छपराचं हलकं ओझं पेलायला बांधलेल्या भिंतीवर आपण एक जड, ताठ फळी ठेवली होती. ती उन्हात फुगायची, रात्री आकसायची आणि दरवेळी भिंतीचा माथा थोडा बाहेर ढकलायची. तडे दिसले तसे ते सिमेंटने भरले. दगडांच्या दरजा, म्हणजे दोन दगडांमधल्या फटी, उकरून जुना चुना काढला आणि तिथेही सिमेंट. वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह काढलं, त्याचं पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी झिरपू लागलं. नंतर एसीची यंत्रं आली, त्यांचं पाणी उन्हाळाभर एकाच दगडावर ठिबकायचं.

वीस वर्षांनी माजी विद्यार्थी म्हणून तिथे गेलो तेव्हा एक जुने मिस्त्री दुरुस्तीचा अंदाज घ्यायला आले होते. त्यांनी मला पश्चिमेच्या भिंतीपाशी नेलं. तिथे सिमेंटच्या दरजा बोटभर पुढे आलेल्या दिसत होत्या, मधमाशांच्या पोळ्याच्या कडांसारख्या, आणि दगड त्यांच्यामध्ये आत गेलेले. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांनी एका दगडाला टोचलं. पापडासारखी खपली सुटून हातात आली, मागे पांढरा लोणा, क्षारांची भुकटी. “सिमेंटला काही झालं नाही बघा सर,” ते म्हणाले, “दगड गेला.”

ही एका कॉलेजाची गोष्ट नाही. चुन्याच्या दरजेचं कामच हे, की पावसात भिंतीत शिरलेली ओल हिवाळ्यात तिच्यातून बाहेर पडावी. ती दगडापेक्षा मऊ असते ते मुद्दाम: झिजायचं तर तिने झिजावं, दगडाने नाही, आणि दहा-वीस वर्षांनी ती पुन्हा भरावी. सिमेंट ही वाट बुजवतं. पाणी मग दगडातूनच बाहेर येतं, त्याच्यासोबत आलेले क्षार दगडाच्या तोंडाशी साकळतात आणि त्याचा चेहरा फोडतात. आत लोखंडी पट्ट्या किंवा नंतर घुसवलेल्या गर्डर असतील तर त्या गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि ती दगड चिरून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं, ‘इमारत जीर्ण झाली’. प्रत्यक्षात तिला चुकीचं औषध दिलेलं असतं. घोड्याचं औषध गाईला पाजून गाय मेली, तर तिचं वय झालं होतं असं म्हणायचं का?

‘पण स्ट्रक्चरल ऑडिट झालंय’ हे वाक्य आलं की हल्ली चर्चा संपते. ती संपू नये. ऑडिट इमारतीची आजची स्थिती सांगतं, कारण सांगेलच असं नाही. आणि चाचण्या तरी कोणत्या? काँक्रीटवर हातोडीचा ठोका मारून उसळी मोजायची, त्यातून ध्वनिलहरी सोडून वेग पाहायचा, या पद्धती काँक्रीटसाठी बसवलेल्या आहेत. दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये चुना-खडीचा भराव असलेल्या दोन-तीन फुटी भिंतीबद्दल त्या फारसं काही सांगू शकत नाहीत. इमारतीला ‘आयुष्य’ असतं ही कल्पनाही काँक्रीटकडूनच आली आहे. त्यातल्या सळ्या समुद्री हवेत गंजतात, म्हणून पन्नास-साठ वर्षांची भाषा तिथे ठीक. राजाबाई टॉवरपासून हाकेच्या अंतरावर, काळा घोड्याला, 1860 च्या दशकातली एस्प्लनेड मॅन्शन आहे, म्हणजे एकेकाळचं वॉटसन हॉटेल. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ती इमारत 2019 मध्ये रिकामी केली गेली. एका नामवंत संस्थेच्या अहवालाने ती पाडायला सांगितलं, नंतर दुसऱ्या तज्ज्ञांनी ती दुरुस्त होऊ शकते असं सांगितलं. इमारत तीच, पाहणारे डोळे वेगळे. मग एका अहवालावर शिक्का मारून बुलडोझर बोलवायची घाई कशासाठी? जीव वाचवायला इमारत रिकामी करणं पुरतं. ती पाडण्याआधी दगड-चुना कळणाऱ्या माणसाने ती पाहिली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

पैशाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण वसतिगृहातली गर्दी खरी आहे. पण हिशेब तरी नीट मांडू. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय यांचं 2013 ते 2015 मधलं जतनाचं काम सुमारे 4 कोटींत झालं आणि तो पैसा विद्यापीठाच्या तिजोरीतून नाही, एका कंपनीच्या देणगीतून आला. दगड, लाकूडकाम, रंगीत काचा, सगळं त्यात होतं. आणि ही रक्कम तरी एवढी का लागली? अनेक दशकं साचलेली कामं एकदम करावी लागली म्हणून. मोठी दुरुस्ती म्हणजे न केलेल्या छोट्या दुरुस्त्यांची व्याजासकट वसुली. आपल्या संस्थांच्या अंदाजपत्रकात नव्या बांधकामाला पैसा मिळतो, कारण त्याची कोनशिला बसते आणि फीत कापता येते. पन्हळ साफ केल्याबद्दल कोणाच्या नावाची कोनशिला बसते? त्यात निविदा सगळ्यात कमी दराला जाते आणि कमी दराचा ठेकेदार सिमेंट घेऊनच येतो. चुना भिजत घालायचा, आठवडेच्या आठवडे मुरवायचा, चुन्याच्या घाण्यात मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालायचा, याला त्याच्याकडे ना माणसं ना सवड. म्हणजे पैसा आपण वाचवत नाही. इमारत बिघडवायला खर्च करतो, आणि ती बिघडली म्हणून पुन्हा करतो.

हे ज्ञान आपल्याला परकं आहे असंही नाही. शिवकाळानंतरच्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या प्रकरणात तटावर उगवणारी झाडंझुडपं वरचेवर काढून टाकायची ताकीद आहे. तीनशे वर्षांपूर्वी राज्यकारभार लिहायला बसलेल्या अमात्यांना पिंपळाचं रोप ही राज्याची बाब वाटली. तोफांनी न पडणारा तट मुळांनी पडतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

राहिला रानड्यांचा मुद्दा. इमारतीशिवाय विद्यापीठ असू शकतं, खरंच आहे. पण इमारत हातची गेली की तिच्याबरोबर आणखी काय जाऊ शकतं, हे पुण्याला माहीत आहे. येरवड्याची डेक्कन कॉलेजची इमारत 1864 मध्ये सुरू होऊन 1868 मध्ये वापरात आली, तिला सर जमशेटजी जीजीभाईंची देणगी होती. टिळक आणि आगरकर तिथले विद्यार्थी. 1934 मध्ये सरकारने ते कॉलेजच बंद केलं. माजी विद्यार्थी ‘आठवणी जागवू या’ म्हणत बसले नाहीत. देणगी शिक्षणासाठी दिलेली आहे, ही जागा शिक्षणालाच मिळाली पाहिजे, म्हणून ते कोर्टात गेले आणि 17 ऑगस्ट 1939 ला तिथे पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू झाली. भारतीय भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांतलं केवढं काम पुढे त्या छताखाली झालं! ती इमारत संग्रहालयाच्या काचेत ठेवली नाही म्हणून टिकली. तिला नवं काम मिळालं, आणि काम असलेल्या इमारतीत छत गळलं तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओरडतं. मद्रासच्या कुलूपबंद सभागृहात गळलं तर कोण ओरडणार? म्हणूनच ‘एका दगडालाही हात लावू देणार नाही’ म्हणणाऱ्या मित्रांशीही माझं भांडण आहे. हात लावायलाच हवा, दरवर्षी लावायला हवा. आत वीज, इंटरनेट, लिफ्ट, अपंग विद्यार्थ्यांसाठी उतार, सगळं यायला हवं. फक्त ते भिंत न फोडता, कमानीचा रेटा न मोडता, उद्या काढता येईल असं यावं.

माझी मागणी अगदी छोटी आहे. अशा प्रत्येक इमारतीची एक वही असावी: कुठली भिंत कधी काढली, स्लॅब कधी घातला, तडा वाढतोय का ते कळावं म्हणून कुठल्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवली आणि ती कधी तुटली. अंदाजपत्रकात देखभालीचा वेगळा रकाना असावा, जो नव्या बांधकामाकडे वळवता येणार नाही. आणि पगारावर एक माणूस असावा, ज्याला ती इमारत ठाऊक आहे.

आमच्या कॉलेजात असा माणूस नव्हता. मिस्त्रींना वर जाऊन पन्हळी पाहायच्या होत्या. गच्चीच्या दाराला कुलूप. ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी सांगितलं, किल्ली ऑफिसात असेल. ऑफिसने बांधकाम विभागाकडे बोट दाखवलं. बांधकाम विभाग म्हणाला, स्लॅबच्या ठेकेदाराकडेच राहिली असणार. तो ठेकेदार धंदा बंद करून गावी गेला होता. शेवटी प्राचार्यांची लेखी परवानगी काढून मामांनी कुलूप तोडलं. पन्हळीच्या तोंडाशी मनगटाएवढ्या जाडीचा पिंपळ होता. मिस्त्रींनी आणि त्यांच्या पोराने तो मुळासकट सोडवायला दुपार घालवली, मग हाताने घाण उपसली: कबुतरांची पिसं, कुजका पाला, दोन क्रिकेटचे चेंडू, एक लहान मुलाची चप्पल. पाच घमेली भरली. मामांनी खालून बादली आणली, पन्हळीत ओतली, आणि आम्ही सगळे कठड्यावरून वाकून पाहू लागलो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खाली नळाच्या तोंडातून आधी काळं, नंतर गढूळ आणि शेवटी स्वच्छ पाणी गटारात पडू लागलं.